न सांगितलेला गठ्ठा

आईला कुणाचं काही पटकन खरं वाटत नाही. हा आपला स्वभाव नाही, धंद्याने लावलेली सवय आहे, असं ती स्वतःच सांगते. आमची लाँड्री आहे. लोकांच्या घरचे पडदे, लॉजच्या चादरी, खानावळींचे टेबलक्लॉथ आमच्या दारात मळून येतात आणि धुऊन परत जातात. कपडा घेऊन येणारा माणूस डागाबद्दल हमखास खोटं बोलतो. सांडलेली असते शाई, तो सांगतो चहा. चहाला एक साबण लागतो, शाईला वेगळं औषध, त्यामुळे हे खोटं आईच्या हातात पडल्या पडल्या उघडं पडतं. वर्षानुवर्षं असली खोटी निस्तरून तिची नजरच बदलली. घरी पाहुणे आले की ती आधी त्यांच्या बाह्यांकडे बघते. बाबा म्हणतात, हिच्यासमोर देव उभा राहिला तरी ही आधी त्याची कॉलर उलटून बघेल.

लाँड्री म्हणजे एकच लांबलचक खोली. रस्त्याच्या बाजूला काउंटर, मध्ये निवडायचं टेबल, मग धुलाईची मशीनं, त्यांच्या मागे बॉयलर आणि शेवटी वाळत घालायचं अंगण. बॉयलर बाबांचा, काउंटर आईचं आणि टेबल काकूचं. काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली. आई तिला जाऊबाई म्हणते, अहो-जाहो करते. ती आईला धाकटे म्हणून हाक मारते. दोघींचं भांडण मी कधी ऐकलेलं नाही. दोघींच्या गप्पाही फारशा ऐकलेल्या नाहीत. दिवसभर मशीनांचा आवाज असतो आणि दोघी त्या आवाजाच्या दोन बाजूंना असतात.

काकूच्या टेबलावर काय चालतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच टेबलावर घडलं. प्रत्येक लाँड्रीची एक खूण असते. चादरीच्या कोपऱ्यात, शिवणीच्या आतल्या बाजूला, रंगीत दोऱ्याचे दोन-तीन टाके. आमची खूण पिवळी फुली. गिऱ्हाईक दुसऱ्या लाँड्रीकडून आमच्याकडे आलं की त्याच्या कपड्यांवर आधीच्या लाँड्रीची खूण असते. ती आधी उसवायची, मग आपली घालायची आणि मगच कपडा पाण्यात टाकायचा. दुसऱ्याची खूण अंगावर घेऊन कपडा मशीनमध्ये गेला तर ते लाजिरवाणं समजतात, जणू दुसऱ्याचं मूल आपल्या ताटात जेवलं आणि आपल्याला पत्ताच नाही. हा रिवाज शहरातल्या सगळ्या लाँड्र्या पाळतात. काकूने तो इतकी वर्षं पाळला की तिच्या अंगठ्याला कोपरा आपोआप सापडतो. ती बघतसुद्धा नाही.

आमची लाँड्री उभी राहिली ती मोठ्या हॉस्पिटलच्या चादरींवर. ते काम टेंडरने मिळतं. पुष्कळ वर्षं ते आमच्याकडे होतं आणि मग गेलं. गेलं याचं आईला इतकं वाटलं नसतं, पण ते ज्या रीतीने गेलं त्याने तिची झोप उडाली. शहरात तीन मोठ्या लाँड्र्या आहेत: एक पुलापलीकडची, एक नदीकाठची, एक स्टेशनजवळची. आम्ही टेंडर भरलं की त्यांच्यातली एक इतक्या खाली उतरायची की त्या दरात साबणसुद्धा सुटू नये. बाकीच्या दोघी बऱ्याच वर राहायच्या, अगदी निवांत. पुढच्या खेपेला खाली उतरणारी बदलायची. तीन जावांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावून घ्याव्यात तसं. आईची खात्री होती की दाखवायला एक जिंकते, पण चादरी तिघी मिळून धुतात आणि तोटाही वाटून घेतात. आणि आमचा बॉयलर एकदा थंड पडला की तिघी मिळून दर चढवतील. बॉयलर थंड पडायला फार उरलं नव्हतं. तो विकत घेणारा एक माणूस येऊन बघूनही गेला होता. हॉस्पिटलचं काम परत मिळालं नाही तर लाँड्री बंद करावी लागणार, हे आमच्या घरात जेवताना मीठ मागावं इतक्या सहज बोललं जाऊ लागलं होतं.

म्हणून आईने तक्रार केली. व्यापाऱ्यांची संगनमतं शोधणारं एक सरकारी कार्यालय असतं, तिथे. तिथून चौकशीला एक साहेब आले. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले, खुर्ची पुढे केली तर तीही नको. आई त्यांना मागे नको-साहेब म्हणू लागली. तिचं म्हणणं, जो माणूस पाण्यालाही शिवत नाही तो एकतर फार सरळ असतो, नाहीतर येताना कुठेतरी पोटभर पिऊन आलेला असतो.

नको-साहेबांनी काउंटरपाशी उभं राहूनच आईला नियम सांगितले. पूर्वी असल्या चौकशांना अंत नसायचा. तक्रार करणारा म्हातारा व्हायचा, ज्याच्यावर तक्रार तो धंदा मुलाच्या नावावर करून मोकळा व्हायचा, साहेब बदलून जायचे. म्हणून आता मुदत आली होती. ठरलेल्या मुदतीत चौकशीचा अहवाल आला नाही तर प्रकरण बंद. कार्यालय मुदत पाळतंय की नाही यावर सरकारचं वरचं खातं नजर ठेवणार. मुदत वाढवायचा अधिकारही त्या खात्याचाच, आणि तो एकाच कारणासाठी: ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांनी किंवा त्यांच्या माणसांनी पुरावा बिघडवला असेल तर.

साहेब गेल्यावर आई म्हणाली, म्हणजे त्या तिघींनी फक्त टंगळमंगळ करायची आणि कॅलेंडरकडे बघत बसायचं. बाबांनी विचारलं, मुदत नसती तर काय म्हणाली असतीस? आई म्हणाली, तेव्हा म्हणाले असते की हे मुद्दाम लांबवतायत. बाबा बॉयलरकडे गेले.

तशात काकूच्या जावयाला पुलापलीकडच्या लाँड्रीत नोकरी लागली. गाडी चालवायची. काकूने ही बातमी टेबलावरून मान वर न करता दिली, जरा अवघडून. त्याला दुसरं काही मिळत नव्हतं, लेकीच्या घरी ओढाताण चालली होती. चांगलं झालं, असं आई म्हणाली. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून काकू टेबलाशी असली की आई काउंटरवरचा फोन हळू आवाजात घेऊ लागली.

पहिली चादर आणली ती अँब्युलन्सवाल्याने. त्याचे युनिफॉर्म आमच्याकडे असतात. घरी सोडलेल्या पेशंटखाली हॉस्पिटलची चादर तशीच गेली होती आणि तिच्यावर औषध सांडलं होतं. हॉस्पिटलला परत द्यायच्या आधी डाग निघतो का बघा, म्हणाला. आईने सवयीने कोपरा उलटला आणि तिचा हात थांबला. चादर नवी होती, हिरव्या काठाची. हिरव्या काठाच्या चादरी हॉस्पिटलने घेतल्या त्या ताज्या टेंडरनंतर, म्हणजे काम पुलापलीकडे गेल्यावर. तिच्यावर पुलापलीकडच्यांचा निळाच दोरा असायला हवा होता. पण तो लाल होता, म्हणजे नदीकाठचा. जे टेंडर हरले, तेच चादर धूत होते.

आईने ती चादर धुतली नाही. अँब्युलन्सवाल्याला विश्वासात घेतलं. तो हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत सांगून अशा आणखी चादरी थोड्या दिवसांसाठी आणत गेला. काही लाल, काही स्टेशनजवळच्यांच्या काळ्या दोऱ्याच्या, सगळ्या हिरव्या काठाच्या. त्यांचा एक गठ्ठा झाला. आईने नको-साहेबांना फोन केला. ते म्हणाले, हात लावू नका, जपून ठेवा, मी येऊन घेऊन जातो.

गठ्ठा माळ्यावर चढला. बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं. काकूला सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. काकूने एकदा विचारलंही, वर काय ठेवलंय म्हणून. आई म्हणाली, जुने पडदे आहेत, कुणी न्यायला आलं नाही. काकूने मान हलवली. आमच्याकडे न नेलेले पडदे नेहमीच असतात.

नको-साहेब मात्र येईनात. आईने पुन्हा फोन केला, तेव्हा ते बैठकीत होते. मग ते दौऱ्यावर होते. मुदत जवळ येत होती. आई म्हणू लागली की कुठेतरी पाणी मुरतंय, साहेबांना कुणीतरी गाठलंय. आणि कुणी गाठलं याचा विचार करताना तिची नजर टेबलाकडे जायची.

मग बॉयलरच्या वाफेची नळी गळू लागली. तिचं पाणी नेमकं माळ्यावर ठिबकायला लागलं, म्हणून बाबांनी गठ्ठा खाली काढला आणि तात्पुरता टेबलाच्या कडेला ठेवला. आई बँकेत गेली होती. मला हाक मारून सांगावं असं बाबांच्या मनात होतं, पण तेवढ्यात बॉयलरचा दाब चढला आणि ते तिकडे धावले. मी काउंटरवर एका बाईंच्या टेबलक्लॉथवरचा डाग लोणच्याचा की हळदीचा यावर वाद घालत होते.

आई परत आली तेव्हा हिरव्या काठाच्या चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री करून टेबलावर रचलेल्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पिवळी फुली. काकू शेवटची घडी घालत होती. म्हणाली, हे कोण नवीन गिऱ्हाईक गं धाकटे, कापड चांगलं आहे.

आईने वरची चादर उचलली, कोपरा बघितला, परत ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. मी तिच्या शेजारी उभी होते. ती इतक्या हळू श्वास घेत होती की मला तिची काळजी वाटली. काकू आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला काहीच कळलं नव्हतं, असं मला वाटलं. आईला काय वाटलं, ते तिने रात्रीच्या जेवणातही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नको-साहेब आले. इतके दिवस न आलेला माणूस नेमका त्या दिवशी यावा, याचीही आईने मनात एक खूणगाठ बांधून ठेवली. आईने त्यांना सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. या वेळी खुर्चीवर बसले, आता नव्याने चादरी गोळा करायला मुदत पुरायची नाही म्हणाले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली: खुणा कुणी उसवल्या, त्या तुमच्या कोण, त्यांच्या घरी कोण कोण. जावयाचं ऐकल्यावर ते थांबले. थोडा वेळ बोटांनी काउंटर वाजवत राहिले आणि मग, जणू सहज सुचल्यासारखं, म्हणाले, असं असेल तर मुदत वाढून मिळू शकते. पुरावा समोरच्यांच्या माणसाने बिघडवला, असं तुम्ही खात्याच्या सुनावणीत सांगितलंत तर.

"ती माझी जाऊ आहे," आई म्हणाली.

"तुम्हाला खात्री आहे का की तिने मुद्दाम केलं नाही?"

आईला खात्री नव्हती. खात्री तिला कशाचीच नसते. साहेब गेले आणि जाताना काउंटरवर तो प्रश्न ठेवून गेले. आई पुढचे कितीतरी दिवस त्याच्याभोवती फिरत राहिली. एकीकडे बॉयलर बघून गेलेला माणूस पुन्हा फोन करत होता. दुसरीकडे फक्त एक वाक्य होतं, जे कदाचित खरंही होतं.

तिने एक प्रयोग केला. लॉजच्या ढिगात तिने लाल दोऱ्याची एक जुनी चादर मिसळली आणि काउंटरवरून बघत राहिली. काकू तेव्हा जावयाबद्दलच बोलत होती. लाँड्रीची गाडी हाकतो पण स्वतःचे शर्ट बायकोकडून धुऊन घेतो, मालक फुकट धुऊन देत नाहीत म्हणे. बोलता बोलता ती चादर तिच्या हाती आली. अंगठ्याने कोपरा शोधला, उसवायची सुई आत गेली, लाल दोरा बाहेर आला आणि जमिनीवर पडला. जावयाच्या शर्टांचं चालूच होतं. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

आईचा चेहरा सैल झाला. पण तेवढ्यापुरताच. संध्याकाळी ती मला म्हणाली, तिला सवय आहे हे मला माहीतच होतं की. करायचं असलं तर माणूस सवयीच्या आडूनच करतो. मी म्हटलं, मग प्रयोग कशाला केलास? ती म्हणाली, बघितलेलं बरं असतं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी आई कपाटापाशी उभी राहून कोणती पर्स घ्यावी हे ठरवत होती. काकू दारात येऊन उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण नको-साहेब मध्ये एकदा येऊन तिला जावयाचा पगार विचारून गेले होते, आणि तेवढ्यावरून सगळं ओळखण्याइतकी काकू शहाणी आहे.

"माझं नाव घेणार आहेस?"

आईने पर्स खाली ठेवली. "अजून ठरवलं नाही."

"घ्यायचं तर घे, धाकटे. लाँड्री वाचत असेल तर घे. पण मला एकदा विचारलंस तरी का? इतके दिवस माझ्या पाठीकडे बघत बसलीस. वळून विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

मागे बॉयलर धापा टाकत होता. मग आईने विचारलं. मी तिला इतक्या कष्टाने बोलताना पाहिलं नव्हतं.

"जाऊबाई, तुम्ही ते मुद्दाम उसवलंत?"

"नाही."

एवढंच. काकू टेबलाकडे परत गेली. आई आणि मी बाहेर पडलो. त्या एका शब्दाला पुष्टी देणारं काही आईजवळ नव्हतं; तो उलटून बघायला कोपराही नव्हता.

खात्याची इमारत उंच होती आणि तिच्या बाहेरच्या पायऱ्या धुतलेल्या, आतल्या नव्हेत, असं आईने जाता जाता नोंदवलं. सुनावणी घेणाऱ्या उपसचिव बाईंबद्दल तिने आधीच माहिती काढली होती: त्यांच्या घरचे पडदे पुलापलीकडे धुतले जातात. आईच्या दृष्टीने निकाल तिथेच लागला होता. टेबलाच्या एका बाजूला नको-साहेब, दुसऱ्या बाजूला तिन्ही लाँड्र्यांचा मिळून एकच वकील. वकील सडपातळ आणि फार नम्र होता. तिघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही, असं तो सांगत होता, तिघींच्या वतीने, एकट्यानेच.

उपसचिव बाईंनी आईला विचारलं, पुरावा कुणी बिघडवला. नको-साहेबांनी आईकडे बघितलं आणि डोळे किंचित मिटून उघडले.

आई उभी राहिली. "माझ्या जावेने खुणा उसवल्या. मुद्दाम नाही. दुसऱ्याची खूण दिसली की उसवायची, हे तिचं कामच आहे. त्या चादरी कशाच्या आहेत हे मी तिच्यापासून लपवलं होतं. तिला सांगितलं असतं तर तिने हात लावला नसता. माझा तिच्यावर विश्वास नव्हता, म्हणून हे झालं."

वकील ताबडतोब म्हणाला, मग मुदतवाढीचा प्रश्नच उरत नाही. उपसचिव बाईंनी मान डोलावली. खरंच उरत नव्हता. आईने खुर्चीची पाठ धरली होती, आणि तिच्या बोटांवरून मला दिसत होतं की या क्षणी तिच्या मनात बॉयलर विकला गेलाय.

मग बाई नको-साहेबांकडे वळल्या. त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: पण त्या चादरी यांच्या माळ्यावर का होत्या?

साहेब म्हणाले, ताब्यात घेण्याची तजवीज चालू होती. बाईंनी विचारलं, यांनी कळवलं कधी. साहेब कागद चाळू लागले. तेव्हा आई म्हणाली, गठ्ठा झाला तेव्हाच फोन केला, जपून ठेवा म्हणाले, नंतरही फोन केले, साहेब बैठकीत असायचे.

बाईंनी समोरची फाइल उलटली. "दर महिन्याला तुम्ही मला कळवत होतात की पुरावा गोळा करण्याचं काम चालू आहे," त्या म्हणाल्या. "ते यांच्या माळ्यावर चालू होतं का?"

साहेबांच्या कानांचा रंग बदलला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूचं नाव आईच्या तोंडातून निघालं असतं तर मुदत वाढली असती आणि साहेबांचा उशीर कायमचा झाकला गेला असता. आईलाही ते त्याच क्षणी कळलं असावं. ती साहेबांकडे अशी बघत होती, जशी शाईला चहा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते.

बाईंनी निर्णय सांगितला. मुदत वाढणार नाही. कार्यालयाची दिरंगाई हे मुदतवाढीचं कारण नाही. मुदत ठेवली तीच ती दिरंगाई थांबवायला. वकिलाने फाइल मिटली. पण बाई पुढे बोलत राहिल्या. अजून थोडे दिवस हातात आहेत. हॉस्पिटलच्या पलंगांवर आज चादरी आहेत की नाहीत? नको-साहेब म्हणाले, आहेत. मग तुम्ही इथे काय करताय, असं बाईंनी विचारलं. तपासणीचा अधिकार तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे. आत्ता जा, दोन साक्षीदार घेऊन.

साहेब उठले. वकीलही उठला, त्याला अचानक एक महत्त्वाचा फोन करायचा होता. बाई त्याला म्हणाल्या, बसा. तुमच्या बाजूचं म्हणणं मी अजून नीट ऐकलेलं नाही. पहिल्या मुद्द्यापासून सांगा, सावकाश.

वकील सावकाश सांगू लागला. आई माझ्या कानाशी लागली. म्हणाली, ही त्याला इथे अडकवून ठेवतेय, की त्याचा निरोप आधीच पोचलाय म्हणून इतकी निवांत आहे? मला हसू आलं. तिला नाही आलं.

आम्ही लाँड्रीत परतलो तेव्हा काकू टेबलाशीच होती. आईने पर्ससुद्धा न ठेवता तिला सगळं सांगितलं, मुदत वाढली नाही इथपर्यंत. काकूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तिथे काय बोललीस ते कळलं," ती म्हणाली. "तुला स्वतःला काय वाटतं, ते नाही सांगितलंस."

आई उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात फोन वाजला. ती एवढ्या घाईने फोनकडे का वळली, हे काकूला कळलं आणि मलाही. फोन नको-साहेबांचा होता. चादरी सापडल्या होत्या. तीन वॉर्डांत पेशंटांच्या पायांखालचे कोपरे उचलून बघितले, म्हणाले. निळे, लाल आणि काळे, तिन्ही दोरे, हिरव्या काठाच्या कापडावर. आईने अभिनंदन केलं नाही. तिने विचारलं, मोजताना समोर कोण होतं, आता कुठे ठेवल्यात, कुलूप कुणाचं आणि किल्ली कुणाकडे. साहेबांनी सगळी उत्तरं दिली. मग तिने विचारलं, दुसरी किल्ली?

अहवाल मुदतीत गेला. निर्णयाला स्वतःची वेगळी मुदत होती, तीही पाळली गेली, आणि तीच आईला सगळ्यात संशयास्पद वाटली. तिन्ही लाँड्र्यांनी काम वाटून घेतलं असं ठरलं. हॉस्पिटलचं टेंडर रद्द झालं, नवं निघालं. त्या तिघींनी वर अपील केलं. त्यामुळे अपिलाचा निकाल लागेपर्यंत नव्या टेंडरला तिघीही वेगवेगळ्या उतरू शकत होत्या आणि उतरणार होत्याच.

या सगळ्या महिन्यांत काकू रागावली नाही. तिने त्याहून वाईट केलं. प्रत्येक उसवणीची ती परवानगी मागू लागली. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं की टेबलावरून आवाज यायचा: धाकटे, ही लॉजची आहे, कोपऱ्यात जांभळा दोरा आहे, उसवू का? की कुणाच्या चौकशीतला आहे? आई म्हणायची, उसवा. थोड्या वेळाने पुन्हा: धाकटे, हा रुमाल आहे, याला खूणच नाही, तरी म्हटलं विचारून घ्यावं. गिऱ्हाइकं आईकडे बघायची. आई पावती फाडायची.

टेंडर भरायच्या आदल्या दिवशी दुपारी, मशीनं बंद असताना, आई टेबलापाशी जाऊन काकूच्या समोर बसली. त्या जागी तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. टेंडरचा दर आई कुणालाच सांगत नाही. बाबांना तो पाकीट बंद झाल्यावरसुद्धा माहीत नसतो. यंदा तो चुकला तर बॉयलर जाणार होता, आणि काकूचा जावई अजून पुलापलीकडेच गाडी चालवत होता.

"जाऊबाई, दर ठरवलाय. तुम्हाला सांगते."

काकूने सुई खाली ठेवली. "मला सांगू नकोस."

"का?"

"उद्या त्यांचा दर तुझ्याहून जरासा खाली निघाला, की तू पुन्हा माझ्या पाठीकडे बघत बसशील. मला आता ते सोसायचं नाही. त्यापेक्षा नकोच."

आई उठली. मला वाटलं, ती काउंटरवर परत येईल. ती रस्त्याकडच्या दारापर्यंत गेली, दार लावून घेतलं, परत आली, वाकली आणि काकूच्या कानात आकडा सांगितला. मला ऐकू आला नाही.

काकू जराशी मागे सरकली आणि आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद नव्हता. एखादं जड ओझं कुणी न विचारता हातात दिलं की माणूस जसा आधी ते तोलून बघतो, तसं काहीतरी होतं. मग ती म्हणाली, "जास्त लावतेयस."

आईच्या भुवया जवळ आल्या. मी तिला ओळखते. त्या क्षणात तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते मला दिसत होतं: ही असं का म्हणतेय, हिला काय माहीत, हिला कुणी सांगायला लावलंय. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत गेलं, आणि काकू ते शांतपणे बघत होती.

"किती जास्त?" आईने विचारलं.

काकूने सांगितलं. आईने कानामागची पेन्सिल काढली, दराच्या कच्च्या कागदावरचा आकडा खोडला आणि काकूने सांगितलेला लिहिला.